अव्वाच्या अंगात किती पाणी

कोल्हापुरातल्या एका मध्यम दवाखान्याच्या आयसीयूत मी डॉक्टर आहे, आणि माझा निम्मा दिवस एकच प्रश्न विचारण्यात जातो. किती गेलं आणि किती आलं? गेलं म्हणजे सलाईन, आलं म्हणजे लघवी. प्रत्येक पेशंटच्या पायथ्याशी एक लांबलचक तक्ता लटकलेला असतो आणि त्यावर दर तासाला हे दोन आकडे लिहायचे असतात. तिसरीतलं पोरगंही करील असलं काम. पण इतक्या वर्षांत सलग चोवीस तासांचे खरे आकडे त्या तक्त्यावर मी क्वचितच पाहिलेत. कधी तीन तासांची लघवी एकाच रकान्यात असते, कधी तासातासाला नेमकी पन्नास-पन्नास. कुणाचंही मूत्रपिंड इतकं शिस्तीचं नसतं.

हे सगळं एरवी मी बडबड करून सोडून देते. अव्वांच्या वेळी मात्र सोडून देता आलं नाही.

भाद्रपद अर्धा होत आला होता. सकाळी साडेदहाला पेठ वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून गाडी आली आणि स्ट्रेचरवरून एक बासष्ट वर्षांची बाई आत आली. बारीक अंगकाठी, बावन्न किलोच्या आसपास वजन. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. हात लावला तर कपाळ भाजत होतं आणि पावलं थंडगार. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. तिथपर्यंत रक्त पोचत नाहीये असा त्या जाळीचा अर्थ. रक्तदाब वरचा सत्तर, खालचा मशीनला सापडेना.

बरोबर मुलगा आणि सून होती. जैन शेतकरी घर, ऊस आणि सहा म्हशी. मुलगा पंचेचाळिशीचा, दणकट, आवाज शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जाईल असा. आईला तो अव्वा म्हणत होता, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. दहा दिवसांच्या व्रताचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि अव्वांचं एकाशन होतं. दिवसातून एकदाच जेवण, पाणीही तेव्हाच. त्यात लघवीला जळजळ सुरू झाली ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मग थंडी वाजून ताप आला, तोही दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी बोलणं असंबद्ध झालं तेव्हा घरचे घाबरले.

लघवीतला जंतू रक्तात उतरला होता. याला आम्ही सेप्सिस म्हणतो. या आजारात अंगातल्या सगळ्या शिरा सैल पडतात आणि गळायला लागतात. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, माणूस आतून कोरडा पडतो आणि बाहेरून सुजतो. म्हणून पहिल्या काही तासांत भराभर सलाईन द्यावं लागतं. अंगात रक्त किती उरलंय हे दाखवणारं मीटर नसतं. आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधायचा आणि तो दर अर्ध्या तासाला तपासायचा. कमी पडलं तर मूत्रपिंड जातं. जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. आणि हे सगळं करायचं तर आधी किती गेलंय ते माहीत हवं.

गावच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं, असं मुलगा म्हणाला. मी विचारलं, किती?

"एक लावल्याली. न्हायतर दोन."

एक की दोन?

"म्या धारा काढायला गेलतो की ओ."

डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख होती, सही होती आणि 'पुढील उपचारासाठी' एवढं लिहिलं होतं. नंबर फिरवला तर फोन बंद. मी एक बाटली धरून चालायचं ठरवलं. अर्धा लिटर. रक्त तपासायला पाठवलं, जंतूंवरचं औषध सुरू केलं, लघवीची नळी घातली, मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी टाकली आणि मनगटातल्या धमनीत एक. तासाभरात एक लिटर सलाईन दिलं. दाब सत्तरचा अठ्ठ्याऐंशी झाला. गुडघ्यावरची जाळी जराशी फिकी वाटली. मला बरं वाटलं. वीस मिनिटांनी दाब पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आला.

आता प्रश्न होता, अजून द्यायचं का?

याचं उत्तर मिळवायची एक साधी रीत आहे. पेशंटचं धड खाली आणायचं आणि दोन्ही पाय वर उचलायचे. पायातलं तांब्याभर रक्त छातीकडं येतं. म्हणजे बाटली न लावता, पेशंटच्याच पायातून थोडा वेळ उसनं घेतलेलं सलाईन. त्या मिनिटाभरात छातीवर सोनोग्राफीची दांडी धरून बघायचं. हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं, तर पेशंटला पाण्याचा उपयोग आहे. वाढलं नाही, तर ओतलेलं पाणी नको तिथं जाऊन साठणार. पाय खाली ठेवले की सगळं परत जागेवर. नुकसान काही नाही.

एवढ्या सोप्या गोष्टीला लागतं काय? एक सोनोग्राफीचं छोटं मशीन आणि हँडल फिरवलं की पायाकडून उचलली जाणारी कॉट.

मशीन खाली ओपीडीत गेलं होतं. ते आयसीयूचं मशीन आहे, त्याच्यावर तसं चिकटवलेलंही आहे, पण ते कायम कुठंतरी गेलेलंच असतं. फोन केला तर 'एक पेशंट झाला की पाठवतो' असं उत्तर आलं. तो एक पेशंट पस्तीस मिनिटं चालला. कॉटचं म्हणाल तर पायाकडचं हँडल महिनाभर फिरतच नव्हतं. आमच्या इनचार्ज सिस्टरनी, म्हणजे गारगोटीकडच्या, वीस वर्षं या एकाच खोलीत काढलेल्या बाईंनी, त्याची लेखी तक्रार तीनदा दिली होती. कुणीतरी येऊन, तेल घालून, सही घेऊन गेलं होतं.

मशीन आलं तेव्हा मी पाय हातानं धरायचं ठरवलं. हे करू नये असं शिकवतात, कारण कुणी पाय धरून ओढला की पेशंट दचकतो, नाडी पळते आणि उत्तर चुकतं. मग सिस्टरनी चादरीची जाड घडी केली, पोटऱ्यांखालून घातली आणि एक टोक स्वतः धरलं. दुसऱ्या टोकाला माणूस नव्हतं, बाकीच्या दोघी सिस्टर पलीकडच्या कॉटवर अडकल्या होत्या. मी मुलाला आत बोलावलं.

हळूच, झटका न देता, असं त्याला सांगितलं. त्यानं खरंच हळू उचलले. आईचे पाय असे कधी उचलायची वेळ आली नसेल त्याच्यावर. त्याचा चेहरा उतरला होता.

"पाय वर धरून काय हुतंय व्हय, मॅडम?"

बोलू नका, मी म्हणाले. मी पडद्यावर बघत होते. एक मिनिट गेलं. हृदय आकसत होतं, फुलत होतं, बाहेर पडणारं रक्त होतं तेवढंच होतं. तीन-तीनदा मोजलं. वाढ नव्हती. अव्वांचं हृदय म्हणत होतं, मला पुरे.

मी पाय खाली ठेवायला सांगितले, सलाईनचा थेंब अगदी बारीक केला आणि शिरा आवळून दाब वाढवणारं औषध सुरू केलं. मुलाची नजर त्या थेंबांवरच होती.

"बंद का केलासा?"

बंद केलेलं नाही, कमी केलंय, मी म्हणाले, आणि का ते सांगितलं. त्याला पटलं नाही. शेजारच्या कॉटवर कबनूरचा एक यंत्रमाग कामगार होता, डेंग्यूचा. त्याची बाटली भराभर चालली होती आणि तो उठून बसून चहा मागत होता. मुलगा एकदा त्या बाटलीकडं बघे, एकदा आईच्या. आमची म्हातारी चार दिवस पाण्याविना वाळलीय, आणि त्या पावण्याला धो धो आणि आमच्या अव्वाला थेंब थेंब, असं त्यानं दारात उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकवलं. आमच्या भागात सलाईनवर माणसांचा फार विश्वास. अशक्तपणा आला की सलाईन, लग्नाची दगदग झाली की सलाईन, नवरात्राचे उपवास सोसले नाहीत की सलाईन. ते कमी केलं म्हणजे डॉक्टरनं हात टेकले असाच अर्थ काढतात. याचा मला इतका वीट आलाय की समजावताना माझाच आवाज चढतो, आणि मग ते म्हणतात मॅडम खेकसतात.

शेवटी मी त्याला विचारलं, पावसात तुमचं खालचं रान चिबड होतं का? म्हणाला, होतंय की, पाणी साचून ऊस पिवळा पडतोय. मी म्हटलं, मग तिथं अजून पाटाचं पाणी सोडता का? तो वळून निघाला, पण पटून नव्हे. डॉक्टरबाई आपल्याला शेती शिकवायला लागली याचा राग त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

तो बाहेर गेल्यावर सून दारात आली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "मगाशी तुमी इचारल्यालं, किती बाटल्या लावल्या. चार लावल्यात."

तुम्ही तिथं होतात का, मी विचारलं.

ती गोठ्यात होती. पण तिच्या घरी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या टाकत नाहीत. परसात लिंबू आणि पेरूची रोपं आहेत, बाटली उलटी टांगून त्यांच्या बुडाशी थेंब सोडतात. सकाळी निघायच्या गडबडीत तिनं त्या बाटल्या पाटीत टाकलेल्या तिला आठवत होत्या, पण किती ते खात्रीनं सांगता येईना. म्हणून तिनं शेजारणीला फोन करून बघायला लावलं होतं. चार. चारही नव्या, अर्ध्या लिटरच्या.

अख्ख्या दिवसात मला मिळालेला तो पहिला खरा आकडा. डॉक्टरच्या चिठ्ठीत नाही, मुलाच्या डोक्यात नाही, पाटीत होता. मी हिशोब केला. गावात दोन लिटर, माझ्याकडं एक. बावन्न किलोच्या बाईच्या अंगात तीन लिटर गेलं होतं आणि हृदयानं पुरे म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी जुळत होत्या. मी ते तक्त्यावर लाल शाईनं लिहिलं.

दुपारी दीडला मोठे सर राउंडला आले. दवाखाना त्यांचा नाही, पण त्यांच्या नावावर चालतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते हेच. माणूस मनानं चांगला आणि हातात विलक्षण गुण. गॅस्ट्रोच्या साथीत एका एका कॉटवर दोन दोन पेशंट झोपवून, सलाईन ओतून ओतून त्यांनी गावंच्या गावं वाचवली आहेत. ते दिवस त्यांच्या डोक्यातून जात नाहीत. त्यांनी मानेतल्या नळीच्या दाबाचा आकडा बघितला. सहा.

"रिकामी आहे ही," ते म्हणाले. "अर्धा लिटर दे अजून."

त्यांच्या पिढीला असंच शिकवलेलं. आकडा आठच्या खाली म्हणजे पेशंट रिकामा. पण तो आकडा शिरेतला दाब सांगतो, अंगात रक्त किती ते सांगत नाही, आणि अजून पाणी पेलेल का हे तर मुळीच नाही. हे मी त्यांना आधी दोन-तीनदा सांगितलं होतं. ते दरवेळी ऐकून घेत आणि आपलंच करत. मी पाय उचलून बघितल्याचं सांगितलं. ते हसले, हातानं पाय धरून कुठं खरं उत्तर येतं का म्हणाले. यात तथ्य नव्हतं असं नाही. मी चार बाटल्यांचं सांगितलं. ते म्हणाले, गावातल्या बाटल्यांचं काय सांगतेस, निम्मी गादीत जाते.

मुलगा त्यांच्या मागंच उभा होता. सरांचं 'अर्धा लिटर दे' ऐकून त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला पुढचं बोलवेना. सकाळपासून मशीनसाठी फोन केले होते, हँडलसाठी डोकं फोडलं होतं, दारात तमाशा झाला होता. आणखी एक वाद, तोही सगळ्यांसमोर, गुरूशी, आणि बहुधा हरण्यासाठीच. मी थकले होते. मला वाटलं, अर्धाच लिटर आहे. कदाचित सरांचंच बरोबर असेल.

पण ते बरोबर नाही हे मला माहीत होतं. तरी मी सिस्टरना म्हणाले, लावा. त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि बाटली लावली.

अडीचच्या सुमाराला मी लघवीची पिशवी बघायला वाकले. पिशवी रिकामी. सकाळपासून जेमतेम पाऊण कप गढूळ लघवी झाली होती. आता तीही नाही म्हटल्यावर मूत्रपिंड बंद पडलं असंच मला वाटलं. तेवढ्यात सफाईच्या मावशी बादली घेऊन निघालेल्या दिसल्या. पिशवी त्यांनी ओतली होती.

मोजली का?

"मोजायची हुती व्हय?"

किती होती, साधारण?

"अर्धी."

कशाच्या अर्धी? पिशवीच्या अर्धी, मागच्या खेपेच्या अर्धी, की नळीच्या अर्धी? मावशींनी हातानं उंची दाखवली, मग थोडी वर दाखवली, मग म्हणाल्या बक्कळ हुती बघा. मी त्यांच्यावर ओरडले. मोजायचं भांडं तिथंच, कॉटखाली होतं. मावशी ऐकून घेत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्या कालपर्यंत प्रसूतीच्या वॉर्डात होत्या. हे खरं निघालं. त्यांना आयसीयूत पाठवणाऱ्यानं झाडू दिला होता, फडकं दिलं होतं आणि एवढी एक गोष्ट सांगितली नव्हती. मी माफी मागितली नाही, मागायला हवी होती. रकान्यात मी एक प्रश्नचिन्ह काढलं.

साडेतीनला अव्वांचा श्वास वाढला. आधी मिनिटाला चोवीस, मग बत्तीस, मग मोजता येईना. बोटावरचं ऑक्सिजन मोजणारं मशीन ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी दाखवत खाली उतरलं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत पाण्याची बुडबुड. बाटलीत थोडंच उरलं होतं. मी ती काढून बेसिनमध्ये भिरकावली. तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीननं हवा द्यायला सुरुवात केली. अव्वा मास्क ओढायला लागल्या, त्यांना वाटलं आपल्याला कोंडतायत. सिस्टरनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले आणि कानाशी तोंड नेऊन सांगत राहिल्या, हळू घ्या श्वास, अव्वा, मी हाय हितं. तास दीड तास आम्ही दोघी हललो नाही. घशात नळी घालावी लागेल म्हणून सगळं मांडून ठेवलं होतं. शेवटी श्वास जरा सुधारला. नळी घालावी लागली नाही, पण अगदी थोडक्यात.

मुलगा काचेतून बघत होता. आता तो काही ओरडत नव्हता. मला त्याचं ओरडणंच बरं वाटलं असतं.

पाच वाजता सर पुन्हा आले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. दोन्ही फुप्फुसं पांढरी. "हं," एवढंच ते म्हणाले. फिल्म पाकिटात परत घालायला त्यांना बराच वेळ लागला. जाताना सिस्टरना म्हणाले, आता या पेशंटच्या पाण्याचं यांना विचारत जा, मला नको. त्यांच्या मनात यापुढं माझं ऐकायचं असेलही. मला मात्र राग आला. एक वाक्य टाकून ते मोकळे झाले आणि पुढचा प्रत्येक थेंब माझ्या डोक्यावर आला. दुपारी हेच मला हवं होतं, हेही खरं.

पुढचे दोन दिवस मी त्या कॉटजवळून हटले नाही. औषधांतून जाणारं पाणीसुद्धा मोजलं. लघवी सिस्टर स्वतः मोजायच्या, मावशींना जवळ उभं करून. भांडं डोळ्याच्या रेषेत धरून आकडा कसा वाचायचा ते त्यांनी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी स्वतः मोजून मोठ्यानं आकडा पुकारायला लागल्या. दाब सावरला तशी आवळणारी औषधं कमी केली, लघवी वाढवणारं औषध दिलं, आणि आत अडकलेलं पाणी तांब्या-तांब्यानं बाहेर यायला लागलं. पायांची सूज उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्क काढला.

अव्वा पूर्ण शुद्धीवर आल्या तेव्हा मी शेजारी उभी होते. आवाज घोगरा होता. त्यांनी आधी मुलाचं विचारलं, मग म्हशींचं. मग हाताला टोचलेल्या नळीकडं बराच वेळ बघितलं. मुलानं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की अव्वा लग्न झाल्यापासून दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत.

"ह्यातनं पाणी घातलासा?"

हो, मी म्हणाले.

"दिस बुडाल्यावर?"

मला खोटं बोलता आलं असतं. दिस बुडाल्यावरही, मी म्हणाले. दिवसरात्र चालू होतं.

त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मला वाटलं आता रडतील किंवा चिडतील. सून पुढं झाली आणि म्हणाली, अव्वा, तोंडानं न्हाय दिलं, शिरंतनं दिलं, तुमाला शुद्ध नव्हती. त्यांनी हातानं तिला थांबवलं.

"म्या प्याले न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी घातलं. घातलं त्याचं ह्यांनी बघायचं."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. कुणाचं काय ते वाटून दिलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला. मग त्यांनी सूर्य किती वर आलाय ते विचारलं आणि चमचाभर पाणी मागितलं. मी मात्र दिवसभर ते वाक्य घेऊन फिरत होते.

अकराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. कागद तयार झाले, गोळ्या समजावून झाल्या, सून पिशव्या भरत होती. मी मुलाला म्हणाले, थोडं बोलायचंय. त्याला वाटलं अजून काही निघालं, त्याचा चेहराच पडला. मी सांगितलं की त्या दुपारी अव्वांना श्वास लागला तो आजारामुळं नव्हे, शेवटच्या अर्ध्या लिटरमुळं. ते द्यायला नको होतं. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी थांबवलं नाही.

मी सरांचं नाव घेतलं नाही. तो तिथंच होता, त्यानं ऐकलेलं होतं. बाटली लावा असं मी म्हणाले होते, तेही त्यानं ऐकलेलं होतं.

त्यानं हातातले कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाला, "माझ्यासंगट भांडताना लई धीर हुता की तुमास्नी. थोरल्या डॉक्टरासमोर कुठं गेलता?"

नाही टिकला, मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. रागावला होता की नाही, मला कळलं नाही. पुन्हा काही विचारेल म्हणून मी उभी राहिले. तो खिडकीतून खाली गाडी आली का ते बघत होता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, त्या दिवशी म्या पण लई आरडलो. माझ्या आरडण्यामुळं सर तसं बोलले का, असं त्यानं विचारलं. नाही, मी म्हणाले, आणि ते खरं होतं. त्याचे खांदे जरा सैल झाले. एवढे दिवस तो ते ओझं वागवत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी फक्त माझंच वागवत होते.

व्हीलचेअरवरून अव्वांची हाक आली. किती वेळ उभं करून ठेवलंयस त्या बाईला, त्यांना काय दुसरी कामं न्हाईत व्हय, असं त्या मुलाला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, येते बाई, म्हणाल्या. तो मागं गेला, खुर्चीचा ब्रेक काढला आणि तिघं लिफ्टकडं निघाली. लिफ्ट नेहमीसारखीच वरच्या मजल्यावर अडकली होती. मी खाली फोन लावला.